स्थलांतराची आणेवारी चावडीत बसून काढू नका



दिवाळी सरली की देवगाव फाट्यावरची रात्र मोठी होते. सेलूचा, जिंतूरचा आणि मंठ्याकडचा रस्ता जिथे मिळतो तिथे हॉटेलांच्या उजेडात ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात. ट्रॉलीत ज्वारीची पोती, सरपण, पत्र्याची पेटी, हंडा-कळशी, दोरीने बांधलेली शेळी. या सगळ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेली लेकरे. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे निघालेले असते, कोणी सोलापूरकडे, कोणी राज्याची सीमा ओलांडून बेळगावकडे. सकाळी फाट्यावर चहाचे कप उरतात आणि गावात म्हातारी माणसे आणि कुलपे.

या जाण्याला कागदावर 'हंगामी स्थलांतर' म्हणतात. अलीकडे त्याच्यापुढे 'सुरक्षित' हा शब्द लागला आहे. जाणाऱ्याला ओळखपत्र द्यायचे, त्याच्या लेकरांना गावात वसतिगृहात ठेवायचे, बाईची तपासणी करायची, मजुरी बुडाली तर वकील मिळवून द्यायचा, अशी कामे करणारे प्रकल्प आपल्या भागात येतात. काही सरकारचे, काही संस्थांचे. ते यावेत. आम्ही त्यांच्या विरोधात नाही. पण प्रकल्प संपतो तेव्हा एक कागद निघतो आणि त्यावर लिहिलेले असते की काम यशस्वी झाले. हे यश ठरवले कोणी? कधी? काय मोजून? या अंकात आम्हाला एवढेच विचारायचे आहे. कारण उद्याच्या बैठकीत असाच एक कागद आपल्यापुढे सहीला येणार आहे.

पाहुणे पौषात आले

गेल्या पौषात एका प्रकल्पाचे मूल्यमापन करायला जीपमधून तीन पाहुणे आमच्याकडे आले. माणसे भली होती. चपला बाहेर काढून समाजमंदिरात बसली, दिलेला चहा घेतला. सोबत छापील फॉर्म होते. प्रश्न वाचून दाखवायचे आणि चौकटीत खूण करायची. बैठका किती झाल्या? माहितीपत्रके किती वाटली? ओळखपत्रे किती दिली? शिबिरे किती भरली?

उत्तरे द्यायला बसले होते कोण? सरपंच, दोन सदस्य, एका मुकादमाचा भाऊ, बचत गटाच्या दोघी आणि आम्ही. ज्यांच्यासाठी प्रकल्प होता ती सगळी माणसे त्या दिवशी उसाच्या फडात होती. पौषात ऊसतोड्याला गावात शोधणे म्हणजे वैशाखात ओढ्याला पाणी शोधणे.

आम्ही पाहुण्यांना म्हटले, पाडव्यानंतर या, माणसे परतलेली असतील. ते म्हणाले, मार्चच्या आत अहवाल द्यायचा आहे, वर्ष मार्चला संपते. बरोबर आहे. त्यांचे वर्ष मार्चला संपते. आपले अक्षयतृतीयेला संपते आणि कोयत्याचे कारखान्याचा पट्टा पडला की संपते. पण या तीन वर्षांचा मेळ घालायचे काम कोणाचे?

उठताना त्यांतली एक पोरगी दोन नातवंडे सांभाळणाऱ्या एका आजीशी बोलायला बसली. फॉर्म बाजूला ठेवून तिने विचारले, 'आजी, या प्रकल्पाचा तुम्हाला काय फायदा झाला?' आजी म्हणाली, 'माय, कार्ड आलंय. पेटीत ठेवलंय. पण पोरानं गेल्या साली उचलीचे किती फेडले ते मुकादमालाच ठावं. आम्हाला काय ठावं?' पोरीने फॉर्म उलटून पाहिला. या उत्तराला त्यात चौकट नव्हती.

आणेवारीचा धडा आपण विसरलो नाही

कोरडवाहू शेतकऱ्याला मोजणीचे राजकारण शिकवावे लागत नाही. आपण पिढ्यान्पिढ्या आणेवारी सोसली आहे. वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उरल्या आणि कागदावर पीक साठ पैसे. पन्नासच्या आत आले तर टंचाई, वर गेले तर सुखी. कोणी शिवारात फिरले? कोणी चावडीत बसूनच गेल्या वर्षीच्या आकड्यावर चार पैसे चढवले? आपल्याला सगळे माहीत आहे. म्हणून तर आपण मागणी करत आलो की पीक कापणी प्रयोग शेतकऱ्यासमोर करा, कोणाचे वावर निवडले ते सांगा, वजन आमच्यासमोर करा.

रोजगार हमीचेही तेच. १९७२ च्या दुष्काळात या भागाने खडी फोडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क देशात प्रथम महाराष्ट्राने दिला. पण त्याच योजनेने आपल्याला खोटे मस्टर काय असते तेही दाखवले. मस्टरवर माणसे, कामावर कोणी नाही. शेवटी मस्टर खरे ठेवायचा एकच उपाय निघाला. ते गावात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. नावे वाचली की खोटे नाव लगेच उघडे पडते.

स्थलांतराच्या प्रकल्पाची देखरेख म्हणजे तरी दुसरे काय? तीही पीक कापणीच आहे. फक्त इथे पीक माणसांचे आहे, म्हणून ती अधिक जपून करायला हवी.

कोयत्याचा हिशेब

आता मोजायचे काय ते पाहू. त्यासाठी आधी एका कोयत्याचा हिशेब मांडू. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसे, पण हिशेबात एक.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर साधारण ३६६ रुपयांवर गेला. वाढ मोठी होती, ती लढून मिळाली, तिचे मोल कमी करू नये. आता समजा एका जोडीने दिवसाला दीड टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरून दिली. पहाटे चारला उठून हे काम होते. हंगामाचे १२० दिवस धरले तर १८० टन झाले. ३६६ च्या दराने ६५,८८० रुपये. रोजाचे ५४९ रुपये, आणि ते दोघांचे. माणशी २७४ रुपये ५० पैसे.

या जोडीने दसऱ्याला उचल घेतली होती समजा ८० हजार. म्हणजे एक दिवसही न चुकवता अख्खा हंगाम तोडूनही १४,१२० रुपये फिटायचे राहिले. वर आठवड्याला खर्ची लागते. हजार रुपये धरली तरी १७ आठवड्यांचे १७ हजार. बाकी गेली ३१,१२० वर. लेकरू आजारी पडून चार दिवस खाडा झाला तर त्याचा दंड वेगळा. वाढे विकून येतात ते पैसे मीठ-मिरचीत जातात. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीतून कापली जाते. त्यामुळे पुढच्या वर्षी जायचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. जावेच लागते, आणि त्याच मुकादमाकडे.

आता सांगा, या घराला ओळखपत्र मिळाले, पत्रक मिळाले, दोन बैठकांना ते हजर राहिले. फॉर्ममध्ये चार खुणा झाल्या. स्थलांतर सुरक्षित झाले का? आमच्या मते या घरासाठी मोजायचा पहिला आकडा एकच आहे. परत आल्यावर अंगावर बाकी किती? प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी किती होती, तिसऱ्या वर्षी किती आहे? ती घटली असेल तर प्रकल्पाने काम केले. ती वाढली असेल तर शंभर शिबिरे भरवूनही काम झालेले नाही.

आणखी चार मोजण्या

दुसरी मोजणी बाईची. कोयता दोघांचा, पण उचल नवऱ्याच्या हातात, करार नवऱ्याच्या नावाने, हजेरी नवऱ्याची. कागद पाहिला तर फडात बाई नव्हतीच. असा कागद काय लपवतो ते २०१९ मध्ये दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. फडात पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, सुट्टी घेतली तर खाडा. आणि गावाकडे दवाखान्यात पोट दुखते म्हटले की पिशवी काढून टाका हा सल्ला. त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियम करावा लागला.

यातला धडा नीट समजून घ्या. ऊसतोडीचे हंगाम कित्येक वर्षे चालू होते. कारखान्यांचे गाळपाचे आकडे दर आठवड्याला निघत होते, किती टन, किती उतारा. पण कोणी घरोघर जाऊन बाईला विचारले नाही तोवर हा आकडा कोणत्याही अहवालात आला नाही. जे विचारले जात नाही ते घडत नाही, असा कागदाचा कायदा असतो. म्हणून तपासणी जाताना एकदा आणि आल्यावर एकदा झाली पाहिजे, आणि दोन्ही कागद बाईच्या स्वतःच्या हातात राहिले पाहिजेत.

तिसरी मोजणी लेकरांची. आई-बाप गेले तरी लेकराने गावात राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकात शंभर जागा. म्हणजे ८,२०० लेकरे. योजना चांगली आहे. पण मोजायचे काय? खाटा मोजायच्या की त्या खाटांवर माघ महिन्याच्या रात्री किती लेकरे झोपली ते मोजायचे? हजेरीपटावरचे नाव आणि ताटावर बसलेले लेकरू यांतला फरक आपल्याला कळतो. त्यातही वेगळे विचारावे लागेल ते बारा-चौदा वर्षांच्या पोरींचे. लहान भावंडे सांभाळायला कोणती पोर फडात गेली? 'एकट्याला उचल मिळत नाही, जोडी पाहिजे' म्हणून कोणत्या पोरीचे लग्न उरकले? शाळेतले नाव कमी होते तेव्हा त्यामागचे कारण हजेरीपटावर लिहिले जात नाही. ते गावाला माहीत असते. गावाने ते सांगितले पाहिजे.

चौथी मोजणी तक्रारींची. प्रकल्पात लिहितात, तक्रार निवारण केंद्र सुरू केले, अमुक तक्रारी नोंदवल्या. नोंदवल्या, हे ठीक. मिटल्या किती? बुडालेली मजुरी हातात किती पडली, किती दिवसांनी? फडात विंचू चावला, गाडी उलटली, बैल मेला, तेव्हा पैसे कोणी भरले आणि विम्याचे किती आले? एकाही तक्रारीची नोंद नाही म्हणून सगळे सुरळीत आहे, असे समजू नका. मुकादमाविरुद्ध बोलले तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही भीती असेल तर तक्रारवही कोरीच राहणार.

पाचवी मोजणी गेलेल्यांची. कोण, कुठे, कोणाबरोबर गेले हे गावात लिहिलेले आहे का? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा लाखावर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले. कोणत्या गावाचे किती, हे शोधायला दिवस गेले. आणि ८ मे २०२० ची पहाट आपण विसरू शकत नाही. जालन्याच्या लोखंड कारखान्यातली मध्य प्रदेशची पोरे घराकडे चालत निघाली होती. करमाडजवळ रुळांवर झोपली आणि मालगाडीखाली १६ जण गेले. ती आपल्या गावची नव्हती. पण आपली पोरे दुसऱ्याच्या मुलखात तशीच परकी असतात. गावाच्या वहीत नाव असणे ही लहान गोष्ट नाही.

रंगपूरकरांनी काय केले

कोणी म्हणेल, इतकी बारीक मोजणी कोण करतो? बांगलादेशात झाली आहे, ती गोष्ट ऐका.

बांगलादेशाच्या उत्तरेला रंगपूर नावाचा भाग आहे. भाताची लावणी झाली की कापणीपर्यंत हाताला काम नसते, घरात दाणा नसतो. या दिवसांना तिथे 'मंगा' म्हणतात. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या १०० गावांत प्रयोग केला. काही गावांतल्या गरीब घरांना बसभाड्याला पुरेल इतकी रक्कम दिली आणि सांगितले, घरातल्या एकाने या दिवसांत कामाला बाहेर जा. काही गावांत काहीच दिले नाही, पण तिथली घरेही तशीच मोजली. न दिलेल्या घरांतून साधारण ३६ टक्के घरांचा माणूस बाहेर गेला, दिलेल्यांतून ५८ टक्के. गेलेल्या घरांत चूल नीट पेटली. पुढच्या वर्षी पैसे न देताही त्यांतले बरेच पुन्हा गेले.

आता पुढचे ऐका. यश आले म्हणून कार्यक्रम मोठा केला. २०१७ मध्ये तो लाखाहून अधिक घरांपर्यंत नेला. आणि पुन्हा तशीच मोजणी केली. या वेळी आढळले की प्रकल्पामुळे जाणाऱ्यांची संख्या वाढलीच नाही. शोध घेतला तेव्हा दिसले की कामावरच्या माणसांचा कल जी घरे तशीही जाणारच होती त्यांच्याकडे होता. चालकांनी हे लपवले नाही. मोजणीचा निकालही सांगितला, कारभारातल्या तक्रारीही सांगितल्या आणि २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला.

तो प्रकल्प माणसे बाहेर पाठवण्याचा होता, आपला प्रश्न जाणाऱ्याच्या रक्षणाचा आहे. तरी त्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, न दिलेल्या गावाचीही मोजणी. आपल्याला हे नवे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकात एका पट्ट्याला खत देतात आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवतात. दोन्हींची मळणी वेगळी होते, तेव्हाच खताचे खरे कळते. पाऊस चांगला झाला तर दोन्ही पट्टे पिकतात, त्याचे श्रेय खताला देता येत नाही. तसेच दर वाढले, पाऊस बरा झाला आणि बाकी घटली, तर ती शेजारच्या गावातही घटली का हे पाहिल्याशिवाय प्रकल्पाला श्रेय देऊ नका. दुसरी गोष्ट, फसलो असे सांगण्याची हिंमत. आपल्याकडे किती प्रकल्पांच्या शेवटच्या पानावर 'आमचे हे चुकले' असे वाचले आहे?

थोडे आपल्याकडेही पाहू

दुसऱ्याला विचारायचे तर आपला हिशेबही मांडला पाहिजे. आम्ही शेतकरी चळवळीची माणसे आहोत. पण जाणारा कोण आहे? दोन-तीन एकरांचा शेतकरीच आहे. एकरी चार-पाच क्विंटल कापूस, त्यातून बियाणे, खत, फवारणी वजा केली की हातात जे उरते त्यावर वर्ष निघत नाही, म्हणून तो कोयता उचलतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने झोडपले तेव्हा कधी न गेलेली घरेही गेली. शेतमालाला भाव मिळाला असता तर यांतली किती घरे फाट्यावर उभी राहिली असती? हा प्रश्न कोणत्याही प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये नसतो. तो आपण विचारत राहू. प्रकल्प म्हणजे पायाला बांधलेली चिंधी आहे, काटा अजून आतच आहे. पण काटा निघेपर्यंत चिंधीही स्वच्छच हवी.

दुसरे, मुकादम कोण आहे? तो काही आकाशातून पडलेला नाही. आपल्याच भावकीतला, आपल्याच बैठकीत सतरंजीवर बसणारा असतो. त्यालाही कारखान्याचा करार असतो, टोळी पळाली की त्याचेही वावर विकते, हे खरे आहे. पण म्हणून त्याच्याच ट्रॅक्टरवर बसून त्याच्याच टोळीची देखरेख होऊ शकत नाही. कुंपणाने शेत राखायचे असते, त्याच्याच हातात विळा देऊन चालत नाही.

तिसरे, आणि हे बोलायला जड जाते. टोळ्या जातात तेव्हा आपला कापूस वेचणीला आलेला असतो. मजूर मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो. एखादा प्रकल्प 'स्थलांतर रोखू' म्हणाला की आपल्यातल्या काहींना आत कुठे तरी बरे वाटते. का? मजूर गावात राहील, वेचणी स्वस्तात होईल म्हणून? तसे असेल तर आपण मोजणीला बसायला लायक नाही. माणसाने जावे की राहावे हे त्याने ठरवायचे. आपले काम इतकेच की जाताना त्याचे हात मोकळे असावेत आणि येताना मान वर असावी.

कायदा आहे, वाचला कोणी?

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. घेतलेल्या उचलीपायी माणसाला दुसरीकडे जायची मोकळीक नसेल तर ते याच कायद्यात येते. या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची आणि उपविभागासाठी वेगळी अशा दक्षता समित्या सांगितल्या आहेत. म्हणजे देखरेखीची जागा कायद्याने करून ठेवली आहे. त्या जागेवर कोण बसते, केव्हा बसते आणि काय लिहिते, हे विचारायला आपण कधी गेलो?

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ मध्ये वेगळा कायदा झाला होता. त्यात एक चांगली गोष्ट होती, पासबुक. ठेकेदाराने मजुराला त्याच्या फोटोसह पुस्तिका द्यायची, तीत कामाचे ठिकाण, दर, दिलेले पैसे, केलेली कपात लिहायची. पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच होता. बेळगावला गेला तर पासबुक, कोल्हापूरला गेला तर काही नाही. उसाला काय कळते सीमा कुठे आहे? पुढे तो कायदा २०२० च्या संहितेत सामील झाला. कायद्याचे नाव काहीही असो, पासबुकाची कल्पना आपण सोडू नये. मजुराच्या हातातली वही ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी देखरेख आहे.

आणि पैसा नाही असे कोणी म्हणू नये. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले. २०२२-२३ च्या हंगामात राज्यात १० कोटी टनांच्या वर ऊस गाळला. १० रुपयांनी १०० कोटी, दोन्ही मिळून २०० कोटींच्या घरात. या हिशेबातले किती जमा झाले आणि किती आपल्या फाट्यापर्यंत पोचले, हे विचारणे म्हणजेच मूल्यमापन.

उद्याच्या बैठकीपुढे

उद्या तो कागद सहीला येईल. आमचे मत असे की आजच सही करू नये आणि फाडूनही टाकू नये. त्याच्या खाली आपल्या अटी लिहाव्यात आणि त्या पुऱ्या झाल्यावर सही करावी.

१. मोजणी दोनदा व्हावी. दसऱ्याआधी एकदा आणि पट्टा पडून माणसे परतल्यावर, पाडव्यापासून अक्षयतृतीयेपर्यंत, एकदा. मध्ये एक फेरी फडावर, कोपीपाशी जाऊन.

२. प्रश्न बाईला वेगळे विचारावेत, आणि बाईने विचारावेत. मुकादम, त्याचे नातेवाईक आणि प्रकल्पाचे नोकर त्या वेळी तिथे नसावेत.

३. प्रत्येक कोयत्याला वही मिळावी. उचल, खर्ची, तोडलेले टन, खाडा, बाकी, सगळे तीत. दोघांची नावे पहिल्या पानावर. लिहिता येत नसेल तर वसतिगृहातले शिकते लेकरू आल्यावर वाचून दाखवील.

४. प्रकल्प नसलेले एक गाव शेजारी धरून त्याचीही तशीच मोजणी व्हावी.

५. अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, मराठीत, छापण्याआधी. ज्याला खोटे वाटेल त्याने तिथेच उठून सांगावे. मात्र कोणाच्या दुखण्याचे किंवा कर्जाचे नाव घेऊन वाचन होऊ नये. आकडे गावाचे, दुःख ज्याचे त्याचे.

६. जिल्ह्याच्या दक्षता समितीच्या बैठकांचे इतिवृत्त संघटनेने मागावे. मिळाले तर पुढच्या अंकात छापू. नाही मिळाले तर तेही छापू.

हे फार मोठे मागणे नाही. कापसाचे बोंड किडले की आपण ते फोडून आत पाहतो, वरून हिरवे आहे म्हणून सोडून देत नाही. माणसाच्या बाबतीत इतकी तरी दक्षता घेऊ या.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. या हंगामात आपल्या गावातून किती कोयते गेले, किती लेकरे बरोबर गेली, किती मागे राहिली, एवढे एका कागदावर लिहून आणावे. नावे आणू नका, आकडे आणा. त्या आजीच्या घरचा आकडा आम्ही आणणार आहोत. पोरगा परत आला की तिच्यासमोर बसून बाकी किती ते विचारायचे आणि तिला सांगायचे, हे आम्ही कबूल केले आहे. तुमच्याही गावात अशी आजी असेल. तिला विचारून या.